डुलुथहून (मिनेसोटा, अमेरिका), सातव्या माळेला

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आज सातवी माळ. आई, झेंडू इथे मिळत नाही, दारातला होता तो कधीच दहिवराने काळा पडला. दुकानात कुंडीतली शेवंती मिळाली, तिचीच माळ केली. तुळस सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच आत आणली आहे. दक्षिणेच्या खिडकीत ठेवली आहे आणि जिवंत आहे. मंजिऱ्या खुडते, तू सांगितल्याप्रमाणे.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "आम्ही येऊ तेव्हा हवा कशी असेल?" मी म्हणाले, "छान असेल, थोडी थंडी." फोन ठेवला आणि मला चैन पडेना. बाबा, तुम्ही कोयनानगरला तीस वर्षं पाऊस मोजलात. सकाळी साडेआठला मोजपात्र हातात, छत्री खांद्यावर, आणि वाचलेला आकडा जसाच्या तसा वहीत. एखाद्या दिवशी वाचन राहिलं तर त्या रकान्यात अंदाजाचा आकडा भरायचा नाही, 'नोंद नाही' असं लिहायचं, हे मी सात-आठ वर्षांची असताना तुमच्याकडून शिकले. परवाचं माझं "छान असेल" हे अंदाजाने भरलेल्या रकान्यासारखं झालं. तुमची तिकिटं दिवाळीनंतरची, नोव्हेंबरच्या मध्याची. तेव्हा नोव्हेंबर इथे काय असतो ते नीट लिहिते. फोनवर आई मध्येच "जेवलीस का" विचारते आणि विषय राहून जातो.

आधी तळं. लेक सुपिरियर. तुम्ही फोटोत बघितलंय, पण फोटोत ते समुद्रासारखं दिसतं आणि तिथेच विचार थांबतो. बाबा, तुमच्यासाठी मी हिशेब केला. क्षेत्रफळ सुमारे ८२,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राच्या पावपटीहून थोडं जास्त. सगळ्यात खोल जागा ४०६ मीटर. आणि साठा टीएमसीत मांडला तर साधारण ४ लाख २७ हजार. आपली कोयना १०५ टीएमसीची. अशा चार हजार कोयना त्या एका तळ्यात मावतात. आत आलेलं पाणी बाहेर पडायला सरासरी १९१ वर्षं लागतात असं म्हणतात. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तुम्हाला फोन करावासा वाटला होता, पण तिकडे मध्यरात्र होती.

एवढं पाणी तापायलाही वेळ घेतं आणि निवायलाही. जूनमध्ये गाव उन्हाने तापलेलं असताना काठावर स्वेटर लागतो. नोव्हेंबरात नेमकं उलटं होतं. उत्तरेकडून कॅनडातली हवा गोठवत येते, आणि तळं मात्र अजून सहा-सात अंशांवर धग धरून बसलेलं असतं, रात्री विझवलेल्या चुलीसारखं. माझं घर चढावर आहे, पाण्यापासून फार लांब नाही. विमानतळ वर डोंगरमाथ्यावर, तळ्याच्या पातळीहून अडीचशे मीटर उंच. एकाच संध्याकाळी खाली पाऊस पडतो, माझ्या दारात पाण्यात मिसळलेला चिखलासारखा बर्फ, आणि विमानतळावर पांढरंशुभ्र. म्हणून इथे कुणी "आज डुलुथला किती?" असं विचारलं तर समोरचा विचारतो, "वर की खाली?"

आता वारा. बाबा, तुम्ही जन्मभर पश्चिमेकडे बघितलंत, कारण आपला पाऊस घाट चढून तिकडून येतो. मी इथे ईशान्येकडे बघायला शिकले. डुलुथ तळ्याच्या अगदी पश्चिम टोकाला आहे आणि तिथे तळं नरसाळ्यासारखं निमुळतं होत येतं. वायव्येचा वारा सुटला तर तो जमिनीवरून येतो, कोरडा असतो, नुसती थंडी आणतो. तोच वारा पुढे तळं ओलांडताना पाण्याची वाफ उचलतो आणि दक्षिण काठावर, मिशिगनच्या किविनॉ भागात, बर्फ ओततो. १९७८-७९ च्या हिवाळ्यात तिथे ३९०.४ इंच हिम मोजलं गेलं, जवळजवळ दहा मीटर. आपल्या जिल्ह्यात नाही का, नवजाला पाच हजार मिलिमीटर आणि पलीकडे दहिवडी-म्हसवडला टँकर? तसंच. फरक एवढाच की आपल्याकडे मधे सह्याद्री उभा आहे, तो जागचा हलत नाही. इथे वारा फिरला की बाजू फिरतात. वायव्येचा असेल तर डुलुथ म्हणजे दहिवडी, आणि ईशान्येचा असेल तर पाचशे किलोमीटर पाण्यावरून आलेला तो वारा आमचं नवजा करून टाकतो. लाटा काठावरचे दगड उचलून पायवाटेवर टाकतात. १० ऑक्टोबर २०१८ च्या वादळात काठावरची फिरायची वाट अशीच उखडली होती.

अशी वादळं याच दिवसांत का, हे तुम्ही विचारणारच. कॅनडातली कोरडी थंडगार हवा आणि मेक्सिकोच्या आखातावरून आलेली दमट उबदार हवा यांची गाठ याच काळात इथे पडते. तिथे कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं आणि उबदार तळी त्याला खतपाणी घालतात. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळं उबदार समुद्रावरच पोसतात, इथे मुख्य जोर या दोन हवांच्या तापमानातल्या फरकाचा. २६ ऑक्टोबर २०१० ला आमच्याच राज्यात बिगफोर्क गावी दाब ९५५.२ मिलिबारपर्यंत उतरला होता. तुम्ही हा आकडा दोनदा वाचाल हे मला माहीत आहे. समुद्रावरच्या मोठ्या चक्रीवादळाला शोभावा असा हा दाब, आणि अटलांटिक समुद्र तिथून दीड-दोन हजार किलोमीटर लांब.

आता अंदाज. इथली हवामान संस्था दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी पुढच्या महिन्याचा आणि तिमाहीचा नकाशा काढते. आपल्या वेधशाळेसारखेच तीन कप्पे: सरासरीपेक्षा जास्त, सरासरीइतका, सरासरीपेक्षा कमी. या गुरुवारचा नकाशा पाहिला. आमच्या भागावर रंगच नाही, पांढरा. याचा अर्थ तिन्ही शक्यता समसमान. आई, याचा अर्थ "काही होणार नाही" असा नाही. कुठलंही पारडं जड दिसत नाही, एवढंच. लोक इथेही हीच चूक करतात. नकाशावर "उबदार" रंग दिसला की हिवाळी टायर लावायचं पुढे ढकलतात, आणि मग एका रात्रीत फसतात. महिन्याची सरासरी म्हणजे एकेका दिवसाची हमी नव्हे, हे बाबांइतकं कुणाला माहीत? जून-सप्टेंबरची सरासरी गाठली म्हणून जुलैतला पूर थांबतो थोडाच.

सरासरी सांगते. नोव्हेंबरात दुपारी दोन-तीन अंश, रात्री उणे पाच-सहा. महिन्याच्या सुरुवातीला दुपार सहा-सातची असते, शेवटी शून्याखाली जाते. हिम महिन्याभरात साधारण फूटभर. आता या सरासरीच्या आत काय काय मावतं ते बघा. शेजारच्या आजी १९९१ ची हॅलोविनची गोष्ट दर वर्षी सांगतात. मुलं सोंगं घेऊन दारोदार गोळ्या मागायला निघाली होती आणि हिम सुरू झालं ते तीन दिवस थांबलं नाही. डुलुथला ३६.९ इंच. आजींनी मुलांच्या सोंगांवर कोट चढवले होते, आणि ती कोणाची सोंगं आहेत हे मग कुणालाच कळेना, असं सांगताना त्या अजून हसतात. दुसरी गोष्ट त्या हसत सांगत नाहीत. ११ नोव्हेंबर १९४० ची सकाळ इतकी ऊबदार होती, राज्याच्या दक्षिणेला पंधरा अंशांच्या आसपास, की बदकांच्या शिकारीला गेलेले लोक पातळ जाकिटांत गेले. दुपारी वारा फिरला, पाऊस, मग हिमवादळ. एकट्या मिनेसोटात ४९ माणसं गेली, त्यातले निम्म्याच्या आसपास शिकारी. त्यामुळे इथली जुनी माणसं नोव्हेंबरातल्या उबदार सकाळीही कोट घेऊनच बाहेर पडतात, आणि मीही.

मीही, असं लिहिलं. तेव्हा आता तुमच्यापासून लपवलेली गोष्ट लिहिते.

दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात एका रविवारी माझा फोन लागला नव्हता. मी नंतर सांगितलं की फोन बिघडला होता. मग महिनाभर व्हिडिओवर मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. आई, तू विचारलंसही होतंस, घरात एवढी थंडी का म्हणून.

मी स्प्लिट रॉकचं दीपगृह बघायला गेले होते. डुलुथपासून काठाकाठाने पाऊणशे किलोमीटर. २८ नोव्हेंबर १९०५ ला इथे एक भयंकर वादळ झालं. मटाफा नावाचं जहाज डुलुथच्या कालव्याच्या तोंडाशी आपटून मोडलं, आणि काठावर शेकोट्या पेटवून हजारो लोक रात्रभर बघत राहिले. कुणाला जवळ जाता येईना. जहाजावरचे नऊ जण डोळ्यांदेखत गारठून गेले. त्या वादळानंतर कड्यावर हे दीपगृह बांधलं, १९१० मध्ये सुरू झालं, १९६९ मध्ये बंद झालं. पण दर वर्षी १० नोव्हेंबरला संध्याकाळी ते पुन्हा लावतात. १९७५ मध्ये त्या दिवशी एडमंड फिट्झजेराल्ड नावाचं २२२ मीटर लांबीचं मालवाहू जहाज तळ्यात बुडालं. आदल्या दुपारी ते आमच्या शेजारच्या सुपिरियर गावातून लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं होतं. २९ माणसं होती. मागून येणाऱ्या जहाजाने संध्याकाळी सातच्या सुमारास बिनतारीवर विचारलं, तुमचं कसं चाललंय? कप्तानाचं उत्तर आलं, आम्ही तग धरून आहोत. त्यानंतर काही आलं नाही. एकाचंही शरीर मिळालं नाही.

मला तो दिवा बघायचा होता. ते एकेक नाव वाचतात आणि जहाजाची घंटा वाजवतात. २९ वेळा, आणि मग तळ्यांनी नेलेल्या सगळ्यांसाठी एकदा. मग दिवा लागतो. मी तिथे उभी असताना मला तू दिसत होतीस आई, वसाहतीतल्या त्या खोलीत, कंदील कमी करून, दाराची कडी न लावता. धरणाचे दरवाजे उघडायचे दिवस, बाबा दोन-दोन रात्री घरी नाहीत, आणि निरोप आला तरी एवढाच की "साहेब ठीक आहेत". तू त्या निरोपावर झोपायची नाहीस. मी गोधडीतून बघायचे.

परत निघाले तेव्हा पुरता अंधार झाला होता. दिवसभर काठावर पाऊस होता, गाडीतलं तापमान एक अंश दाखवत होतं, मी निर्धास्त होते. रस्ता एका ठिकाणी पाण्यापासून दूर होऊन थोडा वर चढतो. तिथे तोच पाऊस रस्त्यावर गोठला होता. इथले लोक त्याला ब्लॅक आइस म्हणतात, कारण डांबरावर तो दिसतच नाही, रस्ता फक्त ओला वाटतो. गाडी हळूच फिरली, अगदी आवाज न करता, आणि उतारावरून खड्ड्यात गेली. डावं मनगट दुखावलं. मोबाइलला रेंज नव्हती. मी सव्वादोन तास गाडीत होते. इथे हिवाळ्यात प्रत्येकाच्या गाडीत फावडं, वाळूची पिशवी, बॅटरी, बिस्किटं ठेवतात. माझ्या गाडीत त्याशिवाय तुझी गोधडी होती, तुझ्या अंजिरी लुगड्याची. ती अंगावर घेऊन बसले. मग रस्त्यावर मीठ टाकणारी गाडी आली, चालकाने माझे दिवे बघितले आणि थांबला. दुसऱ्या दिवशी मनगटाला पट्टी. हाड मोडलेलं नव्हतं. एवढंच.

तेव्हा सांगितलं नाही, कारण बाबांची अँजिओग्राफी पंधरा दिवसांवर होती. नंतर सांगितलं नाही, कारण आधी सांगितलं नव्हतं. चुकलं माझं. बाबा, ती नोंद तुमच्या वहीत आज भरून घ्या.

त्यानंतर मी दोन गोष्टी केल्या. ऑक्टोबर संपायच्या आत हिवाळी टायर लावते, नकाशा कुठल्याही रंगाचा असो. या वर्षीचे कालच लावून झाले. आणि मी पाऊस मोजायला लागले. कोकोराझ म्हणून स्वयंसेवकांचं जाळं आहे. १९९७ मध्ये कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला पूर आला, काही किलोमीटरच्या अंतरावर पावसात प्रचंड फरक होता आणि तो टिपायला पुरेशी मापकंच नव्हती. पुढच्या वर्षी तिथल्या लोकांनी आपापल्या अंगणात मापक लावून हे सुरू केलं. माझा पर्जन्यमापक मागच्या अंगणात खांबावर आहे, चार इंच व्यासाचा, पारदर्शक. रोज सकाळी सातला वाचते. थंडी सुरू झाली की आतली बारीक नळी आणि नरसाळं काढून ठेवायचं, नाहीतर गोठून तडकतं. मग हिम बाहेरच्या मोठ्या नळकांड्यात पडतं. ते आत आणायचं, मोजून गरम पाणी ओतायचं, वितळलं की पुन्हा मोजायचं आणि ओतलेलं वजा करायचं. शेजारी एक पांढरी रंगवलेली फळी जमिनीवर ठेवलेली असते, तिच्यावर पट्टी उभी धरून हिमाची जाडी घ्यायची. ढोबळमानाने दहा सेंटीमीटर हिमाचं एक सेंटीमीटर पाणी होतं, पण नोव्हेंबरातलं हिम ओलं आणि जड असतं, त्यात पाणी जास्त निघतं. डुलुथला अख्ख्या वर्षात पाऊस आणि हिम मिळून जेमतेम ७९० मिलिमीटर. जुलैतल्या एखाद्या आठवड्यात तुम्ही तेवढा वहीत लिहिला आहे. पण बाबा, तुम्ही आलात की सकाळी सातचं वाचन तुम्ही घ्यायचं. फळीपर्यंतची वाट मी झाडून, वाळू टाकून ठेवीन.

आता प्रवासाचं. तुम्ही मिनिअ‍ॅपोलिसला उतराल. तिथून घर अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन तास. इथे हिमवादळाची सूचना दोन पायऱ्यांनी येते. पहिली म्हणजे तयारी ठेवा, शक्यता आहे; दुसरी म्हणजे येतंच आहे, बाहेर पडू नका. पहिली असेल तर मी आदल्या दिवशीच मिनिअ‍ॅपोलिसला येऊन राहीन. दुसरी असेल तर आपण तिघंही तिथेच मुक्काम करू, एक रात्र लागो की दोन. आई, "एवढे पैसे कशाला" म्हणायचं नाही. खोली मी राखून ठेवली आहे, लागली नाही तर रद्द करता येते. हवा मोकळी असेल तर थॉम्पसन हिलच्या माथ्यावर गाडी थांबवीन. तिथून पहिल्यांदा तळं दिसतं, एकदम, सगळंच्या सगळं.

अंधाराची मनाची तयारी करून या, थंडीपेक्षा तो जास्त जाणवतो. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात, मग तुमच्यात आणि माझ्यात साडेअकरा तासांचं अंतर होईल. तुम्ही याल तेव्हा सूर्य साडेचारच्या सुमारास मावळेल आणि महिनाअखेर त्याच्याही आधी. आई, दिवेलागणीची वेळ साडेचारला येते म्हणून तू गोंधळशील. मीही पहिल्या वर्षी सांजवात लावून घड्याळ बघत बसायचे, जेवायला अजून चार तास. आपण तेव्हा चहा घेऊ आणि तुळशीचं लग्न त्याच वेळी लावू. ऊस मिळणार नाही इथे, पण जानवं आणि अंतरपाटाला एखादा पंचा आण. अंगणात गारठेल म्हणून लग्न खिडकीतच.

कपडे फार घेऊ नका. कराडच्या दुकानातले जाड कोट इथल्या वाऱ्याला पुरत नाहीत आणि बॅग मात्र भरते. कोट, टोप्या, हातमोजे मी आणले आहेत. साडीच्या आत घालायचे गरम कपडेही आणले आहेत, तुझ्या मापाचे. घरात वीस अंश असतं, तिथे स्वेटर लागणार नाही. पण गरम हवेने नाक आणि ओठ कोरडे पडतात, म्हणून खोबरेल आण, घाण्याचं. गुडघ्याचं तेलही. मेतकूट आण. डिंकाचे लाडू आणशीलच.

आणि जंगलात फिरायला जायचं बाबांच्या मनात असेल तर नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा मोसम असतो, तेव्हा सगळ्यांनी भगव्या रंगाचं जाकीट घालायचं, तेही आणलं आहे. तमारॅक नावाचं सूचिपर्णी झाड सध्या सोनेरी झालं आहे. देवदाराच्या कुळातलं असून पानं गाळतं. तुम्ही येईपर्यंत उघडं झालेलं असेल. पण गरुड असतील. तळं ओलांडायला नको म्हणून ते काठाकाठाने दक्षिणेला जातात, आणि आमच्या डोक्यावरून जातात. आईला डुलुथच्या कालव्यावरच्या पुलाखालून जहाज जाताना दाखवायचं आहे. पूल सरळ वर उचलला जातो आणि जहाज भोंगा देतं, तीन लांब, दोन आखूड. पूलही तसंच उत्तर देतो. गोठायच्या आधी सगळ्यांची माल नेण्याची घाई असते, त्यामुळे नोव्हेंबरात जहाजं भरपूर.

बुटांचं तेवढं राहिलं आहे. इथले बूट आतून लोकरीचे असतात, घट्ट झाले तर पाय जास्त गारठतो, म्हणून माप नेमकं हवं. भारतातला नंबर सांगू नका. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, आईने पेन्सिल सरळ उभी धरून अंगठ्यापुढे खूण करावी, आणि सेंटीमीटर कळवा. दोन्ही पायांचे, कारण बाबांचा उजवा थोडा मोठा आहे. मोजे घालून मोजा.

तुमची,
मनू